लष्करातील कारभार आणि घरचा संसार

लष्करात जावयाचे, पण बंदूक घेऊन पुढच्या फळीत नव्हे, तर कोठी, हिशेब, कायदा, शिक्षण असल्या कारभाराच्या शाखेत. आणि ती चाकरी करीत असता घरचा संसारही सांभाळावयाचा, हे दोन्ही एका माणसास साधेल काय? नांदेड-लातूरकडील पुष्कळ घरांतून हा प्रश्न आज विचारला जातो. कुठे पदवी घेतलेला मुलगा तो विचारतो, कुठे एन. सी. सी. केलेली मुलगी विचारते, आणि कुठे पाळण्यात मूल असलेली सून, रात्रीची भांडी आवरल्यावर, धीर करून विचारते.

प्रश्न जुना असला तरी आमच्या भागास तो बराचसा नवा आहे. सातारा-कोल्हापूरकडे फौजेतील माणूस ही घरोघरची गोष्ट. तेथे मुलाने असा विचार बोलून दाखविला, तर पेन्शनीत आलेला कोणी मामा, कोणी चुलता ओसरीवर बसून त्याला चार खऱ्या गोष्टी सांगतो. आमचा मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. हिंगोलीस आणि मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस, हैदराबाद कंटिंजंटच्या छावण्या होत्या खऱ्या; परंतु १९०३ साली ती फौज हिंदी लष्करात सामील झाली आणि इकडे आठवणी तेवढ्या उरल्या. त्यामुळे आमच्याकडे असा प्रश्न निघाला की सांगणारे माणूस बहुधा घरात नसते. मग शेजारीपाजारी सांगतात. त्यांच्या सांगण्याचे दोन प्रकार असतात. पहिला प्रकार : "कारकुनीच ती! लढाईवर थोडेच जायचे आहे? तहसिलीत बसावे तसे बसायचे." दुसरा प्रकार : "फौजेतल्या माणसाचा संसार तो कसला? आणि बाईमाणसाला तर ते जमायचेच नाही." आमचे म्हणणे असे की ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, आणि ती का चुकीची आहेत हे समजून घेतल्यावाचून कोणत्याही घराने हो म्हणू नये, आणि नाहीही म्हणू नये.

कारखानीस आणि सबनीस

आपल्यांत कारखानीस, सबनीस, फडणीस अशी आडनावे आहेत. ती सहज उच्चारताना त्यांच्यामागे लष्करी कारभाराचा केवढा इतिहास उभा आहे, हे आपल्या ध्यानी येत नाही. शिवछत्रपतींच्या किल्ल्यावर सर्व सत्ता एकाच्या हाती नसे. हवालदाराकडे किल्ल्याचा ताबा, सबनीसाकडे हजेरी आणि हिशेब, आणि कारखानीसाकडे धान्य, दारूगोळा व इतर सामानाची कोठी, अशी कामाची वाटणी असे. भिंत कितीही उंच असली तरी अंबारखान्यात दाणा नसेल तर किल्ला लढत नाही, हे त्या काळच्या माणसांना पक्के ठाऊक होते. आपल्या कंधारच्या, औशाच्या, उदगीरच्या किल्ल्यांत आपण सहलीस जातो तेव्हा बुरूज पाहतो, तोफा पाहतो. पण किल्ला किती दिवस टिकेल हे धान्याची कोठारे आणि पाण्याचे साठे ठरवीत असत.

उदगीरचाच पुढचा इतिहास पाहा. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी उदगीरच्या लढाईत निजामास नमविले आणि त्यानंतर काही आठवड्यांतच परतूरहून ते उत्तरेकडे निघाले. बरोबर लढवय्यांखेरीज यात्रेकरू, बायकामुले आणि बाजारबुणगे यांचा मोठा लोंढा होता. पानिपतावर मराठ्यांच्या शौर्यात उणेपण नव्हते. रसद तुटली, दाणावैरण संपली, आणि उपाशी पोटी १४ जानेवारी १७६१ चा दिवस उजाडला. ती रसद पुरविण्याची आणि शत्रूची रसद तोडण्याची कामगिरी ज्यांच्याकडे होती ते गोविंदपंत बुंदेले मुळात वसुलीच्या आणि कारभाराच्या कामातले, वयानेही उतार. डिसेंबर १७६० मध्ये शत्रूच्या घोडदळाने त्यांना गाठले आणि ते मारले गेले. लष्करातील कारभारी सुरक्षित जागी बसून राहतो असे ज्यांना वाटते त्यांनी गोविंदपंतांचे स्मरण ठेवावे. सैन्य जेथे जाते तेथे त्याची कोठी जाते. आणि कोठी जेथे जाते तेथे कारखानीसाला जावेच लागते.

आजचे कारखानीस

आजच्या भूसेनेत ही कामे निरनिराळ्या शाखांकडे वाटलेली आहेत. अन्नधान्य, इंधन आणि वाहतूक ही आर्मी सर्व्हिस कोअरकडे. कपडे, तंबू, दारूगोळा, यंत्रांचे सुटे भाग ही आर्मी ऑर्डनन्स कोअरकडे. जवानांचे शिक्षण एज्युकेशन कोअरकडे. लष्करी कायदा आणि कोर्टमार्शल यांचे काम जज्ज अ‍ॅडव्होकेट जनरलच्या शाखेकडे. याखेरीज टपाल आहे, वैद्यकीय सेवा आहे, परिचर्या आहे. प्रत्येक पलटणीत हजेरी, पगार, रजा आणि सामान यांची दप्तरे ठेवणारे कारकून आणि भांडारी असतात ते वेगळेच.

या कामाचे मोल आमच्या भागाने एकदा डोळ्यांनी पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून लोक झोपले असता, किल्लारीची धरणी हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे मातीस मिळाली. हजारो माणसे दगडमातीखाली गेली. लष्कराच्या तुकड्या मदतीस आल्या. ढिगारे उपसणारे जवान सर्वांच्या लक्षात राहिले. परंतु जवानाच्या हाती फावडे यावे, जखमीस औषध मिळावे, उघड्यावर पडलेल्यांस निवारा मिळावा, यासाठी त्या वस्तू आधी कुठल्या तरी भांडारात नीट ठेवलेल्या, मोजलेल्या आणि नोंदलेल्या असाव्या लागतात. कोणी तरी रात्री उठून त्या गाडीत भरून द्याव्या लागतात. ती माणसे कोणास दिसत नाहीत. त्यांच्या घरची माणसे तर त्याहून दिसत नाहीत.

दारे किती, आणि कोणासाठी?

आता व्यवहाराकडे वळू. या सेवेत शिरण्याची दारे निरनिराळी आहेत, आणि प्रत्येक दाराशी संसाराविषयीची अट निराळी आहे. ती आधी माहीत नसल्यामुळे पुष्कळांची निराशा होते.

पहिले दार अधिकाऱ्याचे. सरळ शॉर्ट सर्व्हिस कमिशनसाठी पदवी लागते. वय साधारण १९ ते २५ आणि कायद्याच्या शाखेस २७ पर्यंत. चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत सुमारे ११ महिन्यांचे शिक्षण. मुलींनी प्रवेशाच्या वेळी अविवाहित असले पाहिजे, आणि शिक्षण पुरे होईपर्यंत लग्न करता येत नाही. प्रथम १० वर्षांची सेवा, ती आणखी ४ वर्षे वाढू शकते, आणि निवड झाल्यास कायम नेमणूक. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे दारही २०२२ पासून मुलींना उघडले. ३० मे २०२५ रोजी तेथून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली.

दुसरे दार कारकून आणि भांडारी यांचे. ही भरती २०२२ पासून अग्निपथ योजनेखाली होते. बारावीस ६० टक्के गुण हवेत, प्रवेश अविवाहितांनाच. सेवा ४ वर्षांची. त्यानंतर शेकडा २५ पर्यंत लोकांना पुढे घेतले जाते. बाकीच्यांस पेन्शन नाही. योजना सुरू झाली तेव्हाच्या हिशेबाने व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवानिधी मिळतो. जो मुलगा या दाराने जातो त्याच्या घराने लग्नाची बोलणी करताना 'मुलगा मिलिटरीत आहे' एवढेच सांगू नये. चार वर्षांनंतर काय, हेही मुलीकडच्यांस सांगावे. हा साध्या प्रामाणिकपणाचा प्रश्न आहे.

तिसरे दार विवाहितांसही उघडे आहे, आणि त्याची माहिती आमच्याकडे सर्वांत कमी आहे. सैन्याच्या परिचर्या सेवेत, म्हणजे मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये, अलीकडील भरतीत विवाहित परिचारिकांनाही अर्ज करता आला आणि वयाची मर्यादा ३५ पर्यंत होती. प्रादेशिक सेना ही नोकरीधंदा सांभाळून वर्षातून ठराविक काळ गणवेश घालणाऱ्यांची सेना. १९४९ पासून ती चालू आहे. तिच्या अधिकारी भरतीस ४२ व्या वर्षापर्यंत अर्ज करता येतो. आणि ज्यांना गणवेश नको पण सैन्याचा कारभार हवा, त्यांच्यासाठी संरक्षण लेखा विभाग आणि लष्करी भांडारांतील मुलकी जागा आहेत. पुणे, खडकी, देहू रोड, पुलगाव या नावांभोवती अशा मुलकी नोकरांची किती तरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदली आहेत.

तेव्हा त्या पाळण्याजवळच्या सूनबाईंना खरे उत्तर असे द्यावे लागते की अधिकाऱ्याचे सरळ दार बहुधा आता बंद झाले आहे. परंतु बाजूची दारे बंद नाहीत. आणि जिचे लग्न अजून व्हावयाचे आहे त्या मुलीच्या आईबापांस असे सांगावे लागते की 'आधी लग्न, मग पाहू' हे नेहमीचे वाक्य या बाबतीत लागू नाही. येथे क्रम उलटा आहे.

घराला काय द्यावे लागते

कारभाराच्या शाखेतील माणसाचीही बदली होते, दर दोन-तीन वर्षांनी होते, आणि आलटून पालटून होते. काही वर्षे शांत ठाण्यावर, जेथे कुटुंब बरोबर नेता येते. काही वर्षे फील्डवर, म्हणजे सरहद्दीच्या अंगाला, जेथे ते नेता येत नाही. लडाखमधील तळालाही धान्य लागते, आसामातील तळालाही हिशेबनीस लागतो.

यातून तीन गोष्टी घरावर येतात. पहिली, मुलांची शाळा. एका मुलाच्या दहावीपर्यंत चार-पाच गावे होऊ शकतात. हा त्रास ओळखूनच १९६३ पासून केंद्रीय विद्यालये चालू झाली आणि १९८३ पासून लष्कराच्या शिक्षणसंस्थेच्या शाळा उभ्या राहू लागल्या. पुस्तके तीच, परीक्षा तीच, म्हणून गाव बदलले तरी वर्ष बुडत नाही. मात्र मुलाचे मित्र बदलतात, आणि मराठी सुटू लागते. ती घरात जपावी लागते. त्यासाठी शाळा पुरत नाही.

दुसरी गोष्ट जोडीदाराचे काम. लष्करी माणसाशी संसार करणाऱ्यास स्वतःची नोकरी किंवा धंदा एका जागी मुळावू देता येत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक, गंजगोलाईतील दुकानदार, नांदेडच्या दवाखान्यातील डॉक्टर यांना बायकोमागे किंवा नवऱ्यामागे तेजपूरला जाता येत नाही. दोघेही सैन्यात असतील तर एका ठाण्यावर नेमणूक देण्याचा यत्न होतो. पण जागा असेल तरच, आणि सैन्याची गरज पहिली.

तिसरी गोष्ट म्हातारी माणसे. मुले आईबापांबरोबर फिरतात. आजीआजोबा फिरत नाहीत. वडील देगलूरला आणि मुलगा सिलिगुडीला, अशा वेळी रात्री छातीत दुखू लागले तर कोण, याचे उत्तर बदलीच्या हुकमात लिहिलेले नसते.

याच्या उलट बाजूस सवलतीही मोजाव्यात. वर्षाची रजा सहसा ६० दिवसांची, आणि किरकोळ रजा अधिकाऱ्यास २० तर जवानास ३० दिवस. अग्निवीरास मात्र वर्षाला ३० दिवसच. राहण्यास जागा, औषधपाणी, कँटीन. आणि शेजार असा, की एकाच्या घरचा माणूस फील्डवर गेला तर दुसऱ्याच्या घरून डबा येतो. हा शेजार आमच्या गल्लीतल्या शेजाराहून उणा नाही, असे त्यांत राहिलेल्या बायका सांगतात.

प्रश्न एकट्या बाईलाच का?

आता थोडे अवघड बोलावयाचे आहे. मुलगा अशी नोकरी धरतो तेव्हा संसाराचे काय, असे त्याला कोणी विचारीत नाही. त्याचा संसार त्याची बायको करील, हे गृहीतच असते. मुलगी तीच नोकरी धरू म्हणते तेव्हा पहिला प्रश्न तोच निघतो. ही रीत केवळ आमच्या ओसरीवरची नाही. ती सरकारी दप्तरातही बरीच वर्षे होती.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, बायकांचे एक साहाय्यक दल निघाले. टंकलेखन, तारायंत्र, भांडार ही कामे त्यांनी केली, आणि युद्ध संपल्यावर ते दल मोडले गेले. १९५० च्या लष्करी कायद्याने सरकार अधिसूचना काढील त्या शाखांखेरीज बायकांना सैन्यात प्रवेश नव्हता. ती अधिसूचना निघाली १९९२ साली, आणि पहिल्या पाच शाखा होत्या त्या अशा : टपाल, कायदा, शिक्षण, ऑर्डनन्सची भांडारे, आणि सर्व्हिस कोअरमधील अन्नाची तपासणी व खानपान. म्हणजे बाईचा सैन्यातला प्रवेश कारभाराच्या दारानेच झाला. पहिली २५ जणींची तुकडी मार्च १९९३ मध्ये अधिकारी झाली.

परंतु त्यांची सेवा मुदतीची होती. पुढे वाढत वाढत ती १४ वर्षांवर आली. अधिकाऱ्यास पेन्शन २० वर्षांवर. या दोन आकड्यांचा अर्थ घराच्या हिशेबात लावून पाहा. पंचविशीत गेलेली बाई एकोणचाळिसाव्या वर्षी, मुले शाळेत असताना, पेन्शनीवाचून घरी. २००८ साली कायदा आणि शिक्षण या दोन शाखांत कायम नेमणूक मिळू लागली. बाकीच्यांसाठी झगडा चालू राहिला. अखेर १७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बबिता पुनिया यांच्या खटल्यात निकाल दिला, की ज्या दहा शाखांत बायका आहेत त्या सर्वांत त्यांना कायम नेमणुकीचा हक्क आहे. बाळंतपण, मुले आणि घरची कर्तव्ये यांमुळे बायकांना ही सेवा झेपणार नाही, अशा आशयाचा युक्तिवाद सरकारपक्षाने केला होता. तो चाकोरीबद्ध समजुतीवर आधारलेला आहे असे न्यायालयाने बजावले. मार्च २०२१ मध्ये निवडीचे निकषही त्याच न्यायालयाने तपासले आणि ते बायकांवर अन्याय करणारे ठरविले.

याहून बोलका खटला सेलिना जॉन यांचा. त्या परिचर्या सेवेतील लेफ्टनंट. १९८८ साली त्यांनी लग्न केले, आणि लग्न केले म्हणून त्यांची सेवा संपविण्यात आली. तसा नियमच १९७७ पासून होता. तो १९९५ साली मागे घेतला गेला. १४ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नियम उघड पक्षपाताचा ठरविला आणि त्यांना ६० लाख रुपये देण्यास सांगितले. न्याय मिळाला, पण मधली ३६ वर्षे कोणत्या कोठीतून काढून द्यावयाची?

आज अधिकारी स्त्रीस बाळंतपणाची १८० दिवसांची पगारी रजा आहे, दोन मुलांपर्यंत; मूल १८ वर्षांचे होईपर्यंत सबंध नोकरीत मिळून ३६० दिवसांची बालसंगोपन रजाही आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये हेच नियम शिपाई स्त्रियांनाही लागू करण्याचे ठरले. बापास मात्र १५ दिवस. नियम बदलले, तरी मूल कोणी वाढवावयाचे याविषयीची समजूत किती बदलली, हे या दोन आकड्यांवरून दिसते.

साताऱ्याचे एक उदाहरण

या सर्व गोष्टी एका घरात कशा एकवटतात ते पाहावयाचे असेल तर साताऱ्याच्या स्वाती महाडिक यांचे उदाहरण पाहावे. त्यांचे यजमान कर्नल संतोष महाडिक हे १७ नोव्हेंबर २०१५ रोजी काश्मिरात कुपवाड्याच्या जंगलात अतिरेक्यांशी लढताना हुतात्मा झाले. पदरी दोन लहान मुले. आपण सैन्यात जाणार, असे स्वातीताईंनी तेव्हाच सांगितले. सैनिकांच्या विधवांसाठी अधिकारी भरतीत लग्नाची अट आड येत नाही. मात्र वयाची मर्यादा ३५ आहे. त्यांचे वय त्यापुढे गेले होते. ती अट त्यांच्यासाठी शिथिल करण्यात आली. मुलांना निवासी शाळेत ठेवून, आपल्याहून दहा-बारा वर्षांनी लहान मुलींच्या बरोबरीने, त्यांनी चेन्नईचे खडतर शिक्षण पुरे केले आणि ९ सप्टेंबर २०१७ रोजी त्या लेफ्टनंट झाल्या. शाखा मिळाली ती ऑर्डनन्स कोअर. पहिली नेमणूक पुण्याजवळ देहू रोडला.

वृत्तपत्रांनी त्यांच्या धैर्याचे गुण गायिले आणि ते योग्यच झाले. पण आमचे लक्ष दुसरीकडे जाते. ते अकरा महिने मुलांनी आईवाचून काढले, आणि बाप आधीच गेलेला होता. एवढे मोठे ओझे एकट्या बाईस उचलता येत नाही. ते मुलांनीही उचलले, घरच्यांनीही उचलले. वीराची पत्नी म्हणून समाजाने त्या घराच्या निर्णयास मान दिला. आमचा प्रश्न असा, की दुःखाचा डोंगर कोसळल्यावर जो मान आपण देतो तो नांदत्या घरातील मुलीच्या साध्या इच्छेस का देत नाही?

लातूरची खोली

कोणी म्हणेल, घर असे विभागून राहणे आपल्या चालीरीतीत बसत नाही. हे म्हणणे निदान लातूरकराने तरी करू नये. दरवर्षी जून महिना आला की अहमदपूर, देगलूर, मुखेड, किनवट येथून आया आपल्या मुलांना घेऊन लातुरात किंवा नांदेडात येतात, शिकवणीच्या वर्गाजवळ एक खोली भाड्याने घेतात आणि दोन वर्षे तेथे राहतात. गॅसची शेगडी, दोन पातेली, एक लोखंडी कॉट आणि भिंतीला चिकटविलेले वेळापत्रक. मागे गावी बाप स्वतः भाकऱ्या थापतो, गुरांना पाणी दाखवितो, म्हातारीला दवाखान्यात नेतो. हा संसार मोडला असे कोणीही म्हणत नाही. उलट, पोरासाठी किती करतात, म्हणून कौतुक होते.

म्हणजे घर दोन ठिकाणी ठेवणे आपल्याला जमते. बाप भाकरी करू शकतो. मूल दोन वर्षे अर्ध्या घरात वाढू शकते. मुदत ठाऊक असली, कारण सर्वांस पटलेले असले आणि कामाची वाटणी आधी झालेली असली, की ते पेलते. मग हीच कसरत मुलाच्या परीक्षेसाठी योग्य आणि आईच्या किंवा बापाच्या कामासाठी अयोग्य, असे कोणत्या न्यायाने ठरते? लष्करातील कारभाराची चाकरी ही घरबसली नोकरी नव्हे, आणि घरमोडी नोकरीही नव्हे. घराने तिचा भार आधी मोजला आणि वाटून घेतला तर ती पेलते; न मोजता एकाच्या माथी टाकला तर पेलत नाही. आम्हांस जे सांगावयाचे आहे ते एवढेच.

मोजावयाचा तो कसा? हो म्हणण्यापूर्वी घरातील सर्वांनी, म्हाताऱ्यांसुद्धा, एकत्र बसावे आणि चार प्रश्नांची उत्तरे वहीत लिहून काढावीत. पहिला : येत्या दहा वर्षांत मुलाची कोणती वर्षे येणार, आणि त्यांपैकी कोणत्या वर्षी कोण जवळ असणार? दुसरा : घरी राहणाऱ्याचे स्वतःचे काम कोणते, आणि त्यातले किती तो सोडणार? तिसरा : सेवा १४ वर्षांवर किंवा ४ वर्षांवर थांबली तर पुढची भाकरी कशाची? चौथा : आजारपण, शेतीचे कागद, बँकेचे खाते, वारसाची नावे, यांतले काय कोणाच्या सहीने चालते? पुष्कळ घरांत शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण जवान दूर असता सातबाऱ्याच्या एका नोंदीसाठी त्याच्या बायकोस तलाठ्याकडे किती खेपा घालाव्या लागतात, हे ज्याने पाहिले आहे त्यास तो क्षुल्लक वाटणार नाही. सैनिकांच्या कुटुंबांसाठी आपल्या दोन्ही जिल्ह्यांत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. तेथे जाऊन आधीच चौकशी करावी.

ही उत्तरे लिहून झाल्यावर काही घरे नाही म्हणतील. त्यात कमीपणा नाही. ज्या घरी अंथरुणास खिळलेले माणूस आहे आणि दुसरे कोणी बघणारे नाही, त्या घराने आज नाही म्हणणे हेच शहाणपण. पण ते नाही हिशेबातून निघालेले असावे, 'बाईमाणसाला जमायचे नाही' या सांगोवांगीतून नव्हे. आणि जी घरे हो म्हणतील त्यांच्याविषयी आम्हां शेजाऱ्यांचेही एक कर्तव्य उरते. मागे राहिलेल्या त्या बापाच्या किंवा त्या आजीच्या दारावरून जाताना, "एकटेच का?" असे विचारून पुढे जाऊ नये, दळण आणावयाचे आहे काय, असे विचारावे. कोठी भरलेली राहावी म्हणून दूर कोणी तरी जागत आहे. तिच्या किंवा त्याच्या घरच्या कोठीकडे लक्ष ठेवणे, हा त्या चाकरीतला आमचा वाटा होय.